गाळाचं वय सांगणारे शिंपले आणि मुलीचं करिअर

आपली मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भूविज्ञान. जीवाश्म शिंपल्यांवरून समुद्री गाळाचं वय काढायचं काम तिला आवडतं. त्यासाठी कार्बन डेटिंगचा कोर्स कुठे मिळेल आणि नोकरीचं काय, असं आपण विचारलं आहे.

कोर्स नंतर बघू. कार्बन डेटिंग ज्यावर चालतं तो किरणोत्सारी कार्बन-14 सुमारे 50 हजार वर्षांपर्यंतच चालतो. शिवाय समुद्री कवचातला कार्बन मुळातच जुना असतो. चारशे-पाचशे वर्षं वजा करावी लागतात, आणि ही वजावट जागेनुसार बदलते. कच्छच्या ज्युरासिक, म्हणजे कोट्यवधी वर्षं जुन्या थरांत तर कार्बन-14 कुचकामी. तिथे वय ठरतं अमोनाइट या नामशेष झालेल्या, गुंडाळलेल्या शंखाच्या समुद्री प्राण्याच्या प्रजातींवरून. गेल्या चार कोटी वर्षांतल्या कवचांसाठी स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या 87 आणि 86 या दोन समस्थानिकांचं गुणोत्तर उपयोगी, कारण या काळात समुद्रात ते 0.7077 वरून 0.7092 पर्यंत चढत गेलं. पण कवचातलं मूळचं खनिज अ‍ॅरागोनाइट नंतर बदलून कॅल्साइट हे दुसरं खनिज झालेलं असलं, तर यंत्र अनेक दशांशांपर्यंत नेमकं आणि तरीही चुकीचं उत्तर देतं.

म्हणून आधी सूक्ष्मदर्शक. गाळ भिजवून 63 मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा, 50 अंशांच्या आसपास सुकवायचा, मग 150 मायक्रॉनहून मोठ्या कणांतून ओल्या ब्रशच्या टोकानं तीनेकशे फोरामिनिफेरा, म्हणजे एकपेशीय समुद्री जीवांची सूक्ष्म कवचं, वेचायची. दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्यात बुडवतात. पुढच्या नमुन्यात निळं कवच दिसलं, की ते आधीचं उरलेलं. जुन्या खडकातून झिजून नव्या गाळात आलेलं कवच मात्र असा रंग दाखवत नाही. ते झीज, रंग आणि सोबतच्या प्रजाती पाहूनच ओळखावं लागतं. तेलविहिरीत वेगळीच पंचाईत: खोदताना वरच्या, नव्या थरांचा चुरा खाली ढासळतो, त्यामुळे प्रजाती सर्वांत आधी कोणत्या थरात अवतरली हे भरवशानं सांगता येत नाही. वरून खाली जाताना ती प्रथम जिथे दिसते, म्हणजे ती नामशेष झाली तो थर, तोच धरतात.

निव्वळ या कामाच्या जागा थोड्या आहेत, हे स्पष्ट सांगतो. म्हणून एम.एस्सी. भूविज्ञानातच करावी, आयआयटीसाठी जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा द्यावी. पुढे संशोधनासाठी नेट किंवा गेट या राष्ट्रीय परीक्षा, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा. सूक्ष्मजीवाश्मांचं काम पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणि गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत चालतं. एम.एस्सी.चा प्रबंध अशा ठिकाणी करता येईल का, हे प्रवेश घेतानाच विभागात विचारा. त्याआधी तिला कॉलेजच्या प्रयोगशाळेत निदान दहा नमुने स्वतः धुऊन वेचू द्या. दिवसभर मान खाली घालून बसणं तिला झेपतं का, ते तिथेच कळेल.