ऑफिस लेन्स: आधी मेजरिंग टेप, मग कंपनी

तुमचा दूरचा नंबर −१.५०, अ‍ॅडिशन +२.०० (वाचायला दूरच्या नंबरात मिळवायची भर), समोर दिवसभर दोन स्क्रीन आणि नेहमीच्या प्रोग्रेसिव्हने (एकाच काचेत दूरचा-जवळचा नंबर) मान धरते. झाइस, होया, एसिलॉर यांपैकी कुणाची ऑफिस लेन्स घेऊ, असं विचारलंत. माझा हा अशा लेन्सचा दुसरा चष्मा. माझ्या मते कंपनी हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे.

नेहमीच्या प्रोग्रेसिव्हमध्ये वरचा मोठा भाग दूरचा असतो, खाली वाचायचा, आणि स्क्रीनचं अंतर येतं मधल्या चिंचोळ्या पट्टीत. ती पट्टी डोळ्यासमोर आणायला आपण नकळत हनुवटी वर करतो. ऑफिस लेन्समध्ये हिशोब उलटा: खाली वाचायचा पूर्ण नंबर, आणि वर जाताना तो ठरावीक इतकाच कमी होतो. या घटीला डिग्रेशन म्हणतात. तुमच्या बाबतीत खाली −१.५० अधिक २.००, म्हणजे +०.५० येईल. डिग्रेशन ०.७५ घेतलं तर वरच्या टोकाला −०.२५, म्हणजे अ‍ॅडिशन १.२५ शिल्लक, अंतर १ भागिले १.२५ मीटर, साधारण ८० सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट. १.२५ घेतलं तर सव्वा मीटरच्या थोडं पुढे. १.७५ घेतलं तर ४ मीटर.

मग सगळ्यांनी १.७५च का घेऊ नये? मिंकविट्झ या गणितज्ञाने १९६३ मध्ये दाखवलं की मधल्या पट्टीत नंबर ज्या वेगाने बदलतो, त्याच्या दुप्पट वेगाने बाजूला नको असलेला सिलिंडर, म्हणजे धूसरपणा आणणारा नंबर, वाढतो. लांबचं जितकं मागाल तितकी स्पष्ट दिसणाऱ्या भागाची रुंदी जाते. हा नियम कुठल्याच कंपनीला चुकलेला नाही.

झाइसच्या ऑफिसलेन्समध्ये जवळच्यापासून लांबच्यापर्यंत तीन पायऱ्या: बुक, निअर, रूम. होयाच्या वर्कस्टाइलमध्ये क्लोज, स्क्रीन, स्पेस. एसिलॉरच्या डिजिटाइममध्ये निअर, मिड, रूम. नावं वेगळी, पायऱ्या त्याच. तुलना करायचीच तर एका कंपनीच्या रूमची दुसरीच्या स्क्रीनशी करू नका.

माझा पहिला चष्मा इथेच फसला. दुकानात कुणी अंतर विचारलंच नाही, ‘ऑफिससाठी ना?’ म्हणून खोलीभर दिसणारी लेन्स दिली. दाराशी कोण आलंय ते दिसायचं, पण डाव्या स्क्रीनच्या कडेचे आकडे वाचायला दर वेळी अख्खी मान वळवावी लागायची. आता मधल्या पायरीची आहे. समोर बसलेल्याचा चेहरा दिसतो, भिंतीवरचं घड्याळ नाही. मला चालतं.

नंबर काढायला जाताना डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं आणि कीबोर्डपर्यंतचं अंतर घरच्या माणसाकडून मोजून न्या. स्वतः मोजायला गेलात की तुम्ही पुढे वाकता. फ्रेम फार बुटकी नको, आणि लेन्सवर डोळ्याच्या बाहुलीची उंची तुम्ही नेहमीसारखे बसलेले असताना घ्यायला सांगा. दोन्ही स्क्रीन किंचित कमानीत लावा, म्हणजे दोन्हींचं अंतर सारखं राहतं. हे फुकटात होतं. स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणाऱ्या ब्लू कट कोटिंगला जादा पैसे मी देत नाही. २०२३ च्या कॉक्रेन या संस्थेच्या वैद्यकीय संशोधनांच्या आढाव्यात त्याने डोळ्यांचा ताण कमी होतो असं दिसलं नाही.

हा चष्मा घालून गाडी चालवायची नाही, त्यामुळे जुना प्रोग्रेसिव्ह टाकून देऊ नका.

दिवसभर एकटेच स्क्रीनसमोर असाल आणि समोरच्याशी बोलणं क्वचितच होत असेल, तर स्क्रीनच्या अंतराचा साधा एका नंबरचा चष्माही करून बघा, बराच स्वस्त पडतो. दोन्ही अंतरं मोजून इथे टाका, डिग्रेशनचा हिशोब करून सांगतो.