आईला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, स्टेज २बी. ऑपरेशन की शेक, हे घरच्यांनी ठरवायचं की आईनं?

तुम्ही लिहिलंय की नागपूरचे डॉक्टर ऑपरेशन नको म्हणतात, शेक (म्हणजे रेडिएशन) आणि सोबत किमो सांगतात. गावातले झाडून सगळे "पिशवी काढून टाका अन् मोकळे व्हा" म्हणतात, तालुक्याचा एक सर्जन काढून द्यायला तयारही आहे. आणि आईला अजून "गाठ आहे" एवढंच माहीत आहे. तुम्ही मुलगा की मुलगी, हे मात्र लिहिलं नाही. त्यानं फार फरक पडतो, का ते पुढे येईल.

ऑपरेशनचं आधी संपवते. २बी म्हणजे आजार गर्भाशयाच्या मुखाच्या बाजूच्या मांसात शिरलाय. पिशवी काढली तरी ते बाजूचं मागे राहतं, मग शेक घ्यावाच लागतो, आणि दोन्हीचे भोग एकाच बाईच्या अंगावर येतात. त्या सर्जनला एवढंच विचारा की एमआरआय पाहिला का. इथे तुमच्या, माझ्या किंवा मोठ्या काकांच्या मताला जागा नाही.

"मग ठरवायला उरलं काय? डॉक्टर सांगतील ते करायचं." माझा दादा हे वाक्य सात वर्षांपासून म्हणतो आहे. म्हणूनच हे उत्तर लिहायला बसले.

२०१८ च्या दिवाळीनंतर आईचं निघालं. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, आई तेव्हा ४९ ची, स्टेज तुमचीच. वर्षभर अंगावरून पाणी जात होतं, मधूनमधून लाल. पण आधी निंदण, मग वेचणी, सांगते कोण! दादानं धावपळ केली, हे मी कधीच नाकारलं नाही. पडेल भावात सोयाबीन विकलं, एमआरआयचे पैसे उभे केले, महात्मा फुले योजनेचे कागद घेऊन आरोग्यमित्राच्या (दवाखान्यात योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाच्या) टेबलाशी तीनदा उभा राहिला. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं वाईट नव्हती.

२५ शेक, आठवड्यातले पाच दिवस, दर आठवड्याला एक किमो, शेवटी आतला शेक (योनीमार्गातून आत नळी ठेवून देतात तो) तीन वेळा. सगळं मिळून आठ आठवड्यांत संपायला हवं, मध्ये खंड पडला की गाठीला उसंत मिळते. दादानं ठरवलं की रोज जाऊन-येऊन करायचं. कारणं दोन: घरी जेवणखाण नीट होतं, आणि दवाखान्यात राहिली तर बाकीचे पेशंट पाहून आई खचेल. सकाळी सहाची एसटी, जायला अडीच तास, यायला अडीच. (बायकांना अर्धं तिकीट २०२३ पासून झालं, तेव्हा पूर्ण लागायचं.)

मी तिसऱ्या आठवड्यात माहेरी गेले आणि एक दिवस त्यांच्यासोबत निघाले. ओपीडीत डॉक्टर आईकडे पाहून विचारत, भूक लागते का? दादा म्हणे, लागते. जुलाब? दादा म्हणे, नाही, तसा काही त्रास नाही. लघवीला जळजळ? दादा खाली मान घालून, नाही. आई स्टुलावर, पदर तोंडाला. दाराबाहेर शंभर माणसं ताटकळलेली, डॉक्टर पुढची फाईल ओढत. मी तिथेच उभी होते आणि मीही काही बोलले नाही, हेही लिहून टाकते.

पंधराव्या शेकानंतर आई बसस्टँडवर चक्कर येऊन पडली. हिमोग्लोबिन सातच्या आसपास. रक्त चढवलं, शेक थांबला. तेव्हा शेक विभागातल्या एका सिस्टरनं दादाला म्हटलं, "भाऊ, तुम्ही चहा पिऊन या." तो गेला, तिनं दार लावलं, आईसमोर स्टूल ओढून बसली आणि विचारलं, काकू, काय काय होते ते सांगा.

"जुलाब हायत ना बाई. दिवसातून धा येळा. म्हणून मी खातच नाई. खाल्लं का यष्टीत लागते. डायवर गाडी थांबवत नाई, अन् संग पोरगा रायते. त्याले कसं सांगू वं?"

तीन आठवडे आमची आई सकाळचा चहा आणि रात्रीची अर्धी भाकर यावर शेक घेत होती. सिस्टरनं डॉक्टरांकडून जुलाबाची गोळी लिहून आणली, ओआरएसची पाकिटं दिली, पातळ वरण-भात आणि ताक सांगितलं. मग विचारलं, इथं धर्मशाळेत राहता का काकू? आई म्हणाली, "रायतो ना. मले कोनं इचारलंच नाई. घरी गेल्यावर सयपाक मलेच करा लागते."

घरी जेवणखाण नीट होतं ते असं.

उरलेले दहा शेक तिनं मावशीसोबत धर्मशाळेत राहून घेतले. तिथे आपल्यासारख्याच चार बाया भेटल्या म्हणून उलट खुलली. बाकीचे पेशंट पाहून खचली वगैरे काही नाही.

आता सांगा, ठरवायला काय उरलं? शेक की ऑपरेशन, हे एमआरआयनं ठरवलं. पण रोज प्रवास की मुक्काम, सोबत कोण, त्रास कोणाला सांगायचा, वेचणीच्या दिवसांत सुरू करायचं तर शेत कोण पाहणार, यातलं एक तरी डॉक्टरांना घरबसल्या कळणार होतं का? ते आईलाच माहीत होतं, आणि तिच्यापर्यंत प्रश्न पोचतच नव्हता, कारण मध्ये माझा भाऊ बसला होता. प्रेमानंच बसला होता.

दुसरी गोष्ट लिहू की नको असं झालंय, पण लिहिते. आतला शेक संपला त्या दिवशी सुट्टी देताना एक कागद मिळाला होता, मराठीत, चित्रांसह. शेकानंतर योनीमार्ग आखडतो, चिकटतो, त्यासाठी डायलेटर नावाची नळी कशी वापरायची, नवरा-बायकोचे संबंध कधीपासून ठेवता येतात, असा. सही करायला नातेवाईक दादा, म्हणून कागदही दादाच्या हातात. त्यानं घडी घालून फाईलच्या मागच्या कप्प्यात ठेवला. तो काय आईला वाचून दाखवणार होता! त्याच्या जागी मीही नसता दाखवला. पण मला एक फोन करता आला असता.

पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणी असते. आईला कधी पाहुणे, कधी पोळा, कधी गुडघे. पुढे दीड वर्ष गेलीच नाही. गुडघे दाखवायच्या निमित्तानं मी तिला माझ्याकडे आणलं, तेव्हा रात्री अंधारात म्हणाली, "आतून तपासते तवा जीव जाते वं माय." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुरुवातीपासून नळी वापरली असती तर एवढं झालं नसतं. कागद मला त्यानंतर सापडला. घडी जशीच्या तशी होती. आई-बाबांमध्ये या वर्षांत काय झालं, काय राहून गेलं, ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही.

दादाकडे एक हुकमाचं पान आहे: "बरी झाली ना आई? मग?" झाली. खरंच झाली, गेल्या महिन्यात तपासणी स्वच्छ आली. या पानापुढे माझ्याकडे काही नाही, तरी मी भांडते.

कायद्याचं विचारलंत तर, सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या पेशंटची संमती तिचीच लागते. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका खटल्यात हेच सांगितलं. बाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी आली होती. ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन पिशवी आणि अंडाशयं काढली. कोर्ट म्हणालं, जिवावरचा प्रसंग नव्हता, मग आईची संमती चालत नाही. आमच्याकडे फॉर्मवर दादाची सही आणि आईचा अंगठा होता. आईला सही येते.

तुम्ही मुलगा असाल तर पुढच्या वेळी ओपीडीत आत जाऊ नका. दारापर्यंत जा, फाईल द्या, बाहेर थांबा. आत मावशी, आत्या, बहीण, जिच्यापुढे आई लाजत नाही अशी बाई पाठवा. आशाताई चालेल, पण गावभर होईल ही आईची भीती खोटी नसते, आधी तिला विचारा. आणि जायच्या आधी घरी आईला "कॅन्सर" हा शब्द सांगा. दवाखान्याच्या पाटीवर तो एवढ्या मोठ्या अक्षरांत असतो, तिथे वाचायला लावू नका. दुसरं मत हवंच असेल तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, नागपुरात तुकडोजी महाराजांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय आहे. कागदपत्रं मागितली की ७२ तासांत द्यावी लागतात. पण त्यात आठवड्याच्या वर घालवू नका.

हे सगळ्या बायांना लागू नाही. काहींना ऐकायचंच नसतं, "तुमी पाहून घ्या" म्हणतात, तेही त्यांचंच ठरवणं आहे, फक्त एकदा विचारून झालेलं असावं. काहींना मुलगाच जवळचा असतो, सून परकी. माझी सासू तशीच आहे. शिवाय मी डॉक्टर नाही. एमआरआयमध्ये २बी नसून दुसरं काही असेल तर वरचं ऑपरेशनचं सोडून द्या.

दादा हे वाचेल, वहिनी दाखवेल त्याला. तो सगळ्यांना सांगतो की तो नऊ दिवसांचा खंड मशीन बंद पडलं म्हणून पडला. शेकाचं कार्ड माझ्याकडे आहे, दादा. मशीन दोन दिवस बंद होतं. उरलेल्या सात दिवसांपुढे "पेशंट अशक्त" लिहिलंय.