जुना डीव्हीआर, नवी विंडोज

प्रश्न : इतवारीतल्या आमच्या दुकानात कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा जुना डीव्हीआर आहे. नव्या विंडोज ११ च्या कॉम्प्युटरवर त्याचं पान उघडतं, पासवर्डही घेतं, पण चित्राऐवजी 'प्लगइन इन्स्टॉल करा' एवढंच दिसतं. प्लगइन टाकूनही तेच. डीव्हीआर बदलावा का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : इतक्यात बदलू नका, डीव्हीआर ठणठणीत दिसतो. अशा जुन्या यंत्रांचं प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, बहुधा अ‍ॅक्टिव्हएक्स या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या तंत्रावरचं असतं आणि ते इंटरनेट एक्सप्लोररशिवाय चालत नाही. क्रोममध्ये ते कितीदाही टाका, उपयोग शून्य. विंडोज ११ मध्ये एक्सप्लोरर वेगळा उघडत नाही. मात्र त्याचं इंजिन एज या विंडोजच्याच ब्राउझरमध्ये आहे.

एजच्या सेटिंग्जमध्ये 'डिफॉल्ट ब्राउझर' उघडा. इंटरनेट एक्सप्लोरर मोडमध्ये साइट रीलोड करू देण्याचा पर्याय 'अलाऊ' करा, एज बंद करून पुन्हा सुरू करा. मग त्याच ठिकाणी पानांच्या यादीत डीव्हीआरचा पूर्ण पत्ता, 'एचटीटीपी'सकट, भरा. लॉगिननंतर पत्ता बदलत असेल तर तोही टाका. बरेच जण इथेच अडकतात. ही नोंद ३० दिवसांनी संपते. महिन्याभरानं चित्र अचानक गेलं तर घाबरू नका, पत्ता पुन्हा भरा.

आता विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून 'inetcpl.cpl' टाइप करा आणि एंटर दाबा. 'सिक्युरिटी'मधल्या 'ट्रस्टेड साइट्स'मध्ये तोच पत्ता घाला. 'एचटीटीपीएस आवश्यक' ही खूण आधी काढा, नाहीतर पत्ता घेणार नाही. 'कस्टम लेव्हल'मध्ये सही नसलेल्या ('अनसाइन्ड') अ‍ॅक्टिव्हएक्सला 'प्रॉम्प्ट' द्या, 'एनेबल' नको. शेवटी एज पूर्ण बंद करून प्लगइनच्या फाइलवर राइट क्लिक करा आणि 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'नं ती चालवा. ३२ आणि ६४ बिट अशा दोन्ही फाइल मिळाल्या तर आधी ३२ बिटची घ्या.

ही सूट फक्त दुकानातल्या नेटवर्कपुरतीच ठेवा. घरून कॅमेरे पाहायला राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून देऊ नका. जुन्या डीव्हीआरला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, बाहेरचं कुणीही आत शिरू शकतं.

प्रश्न : शाळेच्या जुन्या सीडीतले एसडब्ल्यूएफ धडे आता उघडत नाहीत.
– एक शिक्षिका, नागपूर

उत्तर : एसडब्ल्यूएफ फाइली फ्लॅशवर चालतात आणि अडोबीनं फ्लॅश २०२० अखेर बंद केलं. कुठल्याही साइटवरून जुना फ्लॅश प्लेअर उतरवू नका, त्यासोबत व्हायरस येण्याची भीती असते. 'रफल' हा मोफत प्रोग्रॅम घ्या आणि फाइल त्यातच उघडा. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट या फ्लॅशच्या भाषेच्या आवृत्ती १ आणि २ वर बनलेले धडे सहसा नीट चालतात. ३ वरचे काही मध्येच अडतात. सीडीतलं सगळं फोल्डर जसंच्या तसं हार्ड डिस्कवर उतरवा, कारण धड्याचे आवाज आणि चित्रं अनेकदा शेजारच्या फाइलींमध्ये असतात.