क्लॉकच्या ट्रॅकवर किती ओहमचा रेझिस्टर लावावा?

प्रश्न : माझ्या चार थरांच्या बोर्डवर ३.३ व्होल्टचा २५ मेगाहर्ट्झ क्लॉक (ठरावीक तालाचा संकेत) १२ सेंटिमीटर लांबीच्या ट्रॅकने एकाच चिपकडे जातो. एवढ्या कमी वारंवारतेला टर्मिनेशन, म्हणजे टोकावरून संकेत परावर्तित होऊन बिघडू नये म्हणून लावलेला रेझिस्टर, लागते का? लागत असल्यास मूल्य कसे ठरवावे?

उत्तर : निर्णय वारंवारतेवर नव्हे, तर संकेत किती वेगाने चढतो यावर अवलंबून असतो. आजच्या चिपमध्ये हा चढ १ नॅनोसेकंदाच्या आसपास असतो. एफआर-४ (काचतंतू आणि इपॉक्सीच्या नेहमीच्या) बोर्डच्या बाहेरील थरावर संकेताला १२ सेंटिमीटर जायला सुमारे ०.७ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे टोकावरून परावर्तित झालेली लाट परत येईपर्यंत चढ पूर्ण झालेला असतो. म्हणून तुम्हाला टर्मिनेशन नक्कीच हवे.

तुमच्यासाठी मालिका पद्धत योग्य, म्हणजे रेझिस्टर संकेताच्या वाटेतच, उगमापाशी जोडणे. ट्रॅकचा प्रतिबाध (इम्पीडन्स) ५० ओहम आणि ड्रायव्हरचा, म्हणजे संकेत पाठवणाऱ्या चिपच्या आउटपुटचा, अंतर्गत प्रतिबाध १७ ओहम धरल्यास उरलेले ३३ ओहम रेझिस्टरने भरून काढावेत. ड्रायव्हरचा आकडा उत्पादकाच्या आयबिस मॉडेलमधून (चिपच्या पिनांचे विद्युत वर्तन सांगणाऱ्या फाइलमधून) काढता येतो. तो पाहण्याचा कंटाळा कृपया करू नका. रेझिस्टर आउटपुट पिनपासून काही मिलिमीटरवरच बसवा, कारण या पद्धतीत अर्ध्या उंचीची लाट निघते, चिपकडच्या मोकळ्या टोकाशी दुप्पट होते आणि परतल्यावर उगमापाशीच शोषली जाते. याच कारणामुळे वाटेत मध्येच दुसरी चिप जोडू नये. तिला काही काळ अर्धेच व्होल्टेज दिसेल.

त्याऐवजी शेवटच्या टोकाला ग्राउंडशी ५० ओहम जोडल्यास ३.३ व्होल्टला ६६ मिलिअँपिअर लागतील, जे सामान्य ड्रायव्हरला झेपत नाहीत.