‘दप्तरी नोंदी’ की ‘प्रशासकीय विदा’? आणि भेदभाव मोजता येतो का?

गोव्यातल्या डिचोलीच्या एका शिक्षिकेने विचारलंय, त्या एका टिपणाचा मराठी अनुवाद करतायत आणि त्यात अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डेटा वापरून डिस्क्रिमिनेशन आणि इनइक्वालिटी मोजण्याबद्दल लिहिलंय. त्यांनी ‘प्रशासकीय विदा वापरून भेदभाव व विषमता मोजणे’ असं केलं. हे बरोबर आहे का?

चूक नाही, पण वाचणाऱ्याला काही दिसत नाही. ‘विदा’ हा ‘डेटा’साठी घडवलेला शब्द, गेली काही वर्षं नेटवर बराच वापरतात, पण पंचायतीच्या बैठकीत तो उच्चारलात तर निम्म्या लोकांना कुणीतरी निरोप घेऊन निघाल्यासारखं वाटेल, कारण हिंदीतली विदाई कानात बसलीय. त्यापेक्षा ‘दप्तर’ घ्या ना. मूळ ग्रीक, म्हणजे कातडं, त्यावर लिहायचे म्हणून, मग अरबी-फारसीतून आपल्याकडे आला आणि पोरांच्या पाठीवरही जाऊन बसला. मी ‘दप्तरी नोंदी’ किंवा ‘सरकारी दप्तरातल्या नोंदी’ म्हणेन. दप्तरदिरंगाईमुळे शब्दाला थोडा वास लागलाय हे खरं, तरी अर्थ अचूक बसतो, कारण या माहितीची मुख्य खूण हीच की ती अभ्यासासाठी गोळा केलेलीच नसते. शाळेचं हजेरीपत्रक, जन्ममृत्यूची नोंद, रेशनकार्ड, पगारपत्रक, जमिनीचा उतारा, हे सगळं कामापुरतं लिहिलेलं, अभ्यासक नंतर येऊन वाचतो. जनगणना यात बसत नाही, ती मुद्दाम दारोदार जाऊन केलेली मोजणी.

आता खरी अडचण ‘भेदभाव मोजणे’ इथे आहे. मराठीत यासाठी माझा सगळ्यात लाडका शब्द पंक्तिप्रपंच, म्हणजे एकाच पंगतीत एकाला तूप जास्त नि दुसऱ्याला कमी वाढणं. देवळातल्या महाप्रसादाची पंगत डोळ्यांपुढे आणा. जेवणं झाल्यावर तुम्ही पानं बघत गेलात, एकाच्या पानात तीन वाट्या खीर गेलेली, शेजारच्याच्या एक. ही झाली तफावत. ती मोजता येते. पण वाढप्याने हात आखडला, की शेजारच्याला डायबेटीस म्हणून त्यानेच पानावर हात आडवा धरला, हे नुसत्या पानावरून नाही कळत. आणि ज्याला दारातूनच परत पाठवलं त्याचं तर पानच मांडलेलं नाही, तो तुमच्या मोजणीत येतच नाही. दप्तरी नोंदींचं अगदी असंच असतं, ज्यांचा अर्ज घेतलाच नाही त्यांची नोंद कुठून असणार?

म्हणून शब्द वेगळे ठेवा. नुसता फरक असेल तर असमानता किंवा तफावत, फरक साचलेला आणि सलणारा असेल तर विषमता, आणि कुणीतरी केलेला असेल तर भेदभाव, दुजाभाव. दुजाभावाला कर्ता लागतो, विषमतेला लागत नाही. वाढप्याची परीक्षा घ्यायची तर सारख्याच भुकेची दोन माणसं पाटावर बसवावी लागतात. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली छापलेल्या अभ्यासात तेच केलं, खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त आडनावांचा, आणि दलित व मुस्लिम नावांना बोलावणं कमी आलं. याला भेदभाव म्हणायला माझी काही हरकत नाही.

नोंदींच्या बाबतीत अजून एक, रकाना. आमच्या आजोळच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (महाराष्ट्रातल्या वाचकांनी सातबारा समजावा) कब्जेदाराच्या रकान्यात आजोबांचं एकट्याचं नाव होतं, खाली कुळाचा रकाना रिकामा, आजीचं नाव कुठेच नाही. आणि आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक, म्हणजे अर्धी तिची. ती त्या जमिनीत चाळीस वर्षं राबली. आता कुणी हे उतारे मोजून ‘गोव्यात किती बायकांच्या नावे जमीन’ असा आकडा काढला तर तो आकडा बायकांच्या हक्काचा नव्हे, फक्त रकान्यात नाव घालण्याच्या सवयीचा.

उलटंही होतं. २००१ च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमातीची माणसं ५६६, आणि २०११ ला १,४९,२७५. दहा वर्षांत कुणी डोंगरातून उतरून आलं नाही हो, २००३ मध्ये गावडा, कुणबी, वेळीप या समाजांना अनुसूचित जमातींच्या यादीत घेतलं एवढंच. जनगणना दप्तरी नोंद नसली तरी तिचा हा रकाना सरकारी यादीवरूनच भरतात. त्याआधी या लोकांची विषमता मोजायला बसलात तर मोजायला माणूसच सापडला नसता, माणसं तर सगळी इथेच होती, गोव्यातच.

अमेरिकेत तर करविवरणात वंशाचा रकानाच नाही, म्हणून अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी करनोंदी जनगणनेच्या नोंदींशी जोडल्या. २०१८ मध्ये निष्कर्ष आला की सारख्या मिळकतीच्या घरांत वाढलेल्या काळ्या मुलग्यांची कमाई पुढे गोऱ्या मुलग्यांपेक्षा कमी राहते, मुलींच्या स्वतःच्या कमाईत ही तफावत जवळपास नाही. इथेही मी ‘तफावत’च लिहिलंय बघा. त्यामागे शाळा, पोलीस, मालक, शेजार यातलं किती काय, ते वेगळं शोधावं लागतं.

तर तुमचं वाक्य मी असं करेन: ‘सरकारी दप्तरातल्या नोंदींवरून तफावत मोजणे आणि भेदभावाचा माग काढणे’. लांबलंय, पण ‘मोजणे’ आणि ‘माग काढणे’ ही दोन क्रियापदं कृपया एक करू नका, आणि टिपणात पुढे जिथे जिथे डिस्पॅरिटी, म्हणजे तफावत, आलंय तिथे भेदभाव लिहिलं असेल तर ते आधी बदला.