काळवंडलेले भांडे खराब झालेले नसते : स्टोनवेअरच्या बेकिंग भांड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : न्यू जर्सीला राहणाऱ्या बहिणीने दिलेले स्टोनवेअरचे (भारी आचेवर भाजलेल्या घट्ट मातीचे) आयताकृती पॅन मी पाव आणि नानकटाई भाजण्यासाठी वापरते. सुरुवातीला ते फिकट मातकट रंगाचे होते. आता मधोमध तपकिरी आणि कडांना जवळजवळ काळे झाले आहे. अस्वच्छ वाटले म्हणून ते साबणाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवले आणि तारेच्या घासणीने घासले. डाग तर गेले नाहीतच, उलट पावाला साबणाचा वास येऊ लागला. हे पॅन टाकून द्यावे का? (वाचक, पुणे)

उत्तर : कृपया टाकून देऊ नका. आपण ज्याला अस्वच्छता समजत आहात, तो काळसर थर हीच या पॅनची खरी कमाई आहे, आणि साबणाचा वासही घालवता येण्याजोगा आहे.

आपल्या वर्णनावरून हे पॅन बिनझिलईचे, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप नसलेले, दिसते. खात्री करून घ्यायची असेल, तर कोरड्या पॅनच्या आतल्या बाजूस पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. झिलई असेल तर थेंब तसाच उभा राहतो; नसेल तर तो हळूहळू मुरतो आणि त्या जागी गडद डाग उमटतो. स्टोनवेअर साधारणपणे 1200 ते 1300 अंश सेल्सियसला भाजलेले असते, आणि त्या उष्णतेत मातीचे कण अंशतः वितळून एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून ते आपल्या माठासारखे पाझरत नाही. तरीही बिनझिलईच्या पृष्ठभागावर अगदी सूक्ष्म छिद्रे उरतातच. प्रत्येक वेळी भाजताना पिठातले लोणी किंवा तेल त्या छिद्रांत शिरते, ओव्हनच्या उष्णतेत हवेतील ऑक्सिजनशी त्याची क्रिया होते, त्याचे रेणू एकमेकांत गुंतत जातात आणि शेवटी एक कडक, कोरडा थर तयार होतो. बिडाच्या तव्यावर वापराने काळा थर बसला की घावन चिकटेनासे होते, तोच हा प्रकार. हा थर जितका जुना, तितके पॅन अधिक चांगले काम देते.

मात्र प्रत्येक गडद थर असा नसतो, आणि हा फरक ओळखता यायला हवा. बोट फिरवल्यावर पृष्ठभाग गुळगुळीत आणि कोरडा लागला तर त्याला हात लावू नये. बोट चिकटत असेल, तर ते अर्धवट पक्व झालेले तेल आहे आणि ते काढलेच पाहिजे. भाजण्यापूर्वी गरजेपेक्षा जास्त तेल चोपडल्यामुळे किंवा फवाऱ्याचे तेल वापरल्यामुळे हा चिकटपणा येतो.

साबणाचेही असेच आहे. ज्या छिद्रांत तेल शिरते, त्यांतच साबण शिरतो आणि पुढच्या खेपेस उष्णतेने बाहेर पडून पावात उतरतो. तो काढण्यासाठी पॅन हाताला सोसवेल इतक्या गरम, साध्या पाण्यात तासभर ठेवून पाणी ओतून द्यावे आणि फेस दिसेनासा होईपर्यंत पाणी बदलत राहावे. नंतर दोन भाग खाण्याचा सोडा आणि एक भाग पाणी यांचा लेप आतून लावून वीस मिनिटे तसाच ठेवावा, लाकडी उलथण्याने काढून टाकावा आणि पॅन स्वच्छ धुवावे. यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात : पॅन कडेवर उभे करून वारा लागेल अशा जागी किमान पूर्ण दिवस वाळू द्यावे, पावसाळ्यात त्याहूनही जास्त. आत पाणी राहिलेले पॅन ओव्हनमध्ये ठेवले तर त्या पाण्याची वाफ होऊन तडा जाऊ शकतो, आणि ओलसर असतानाच कपाटात ठेवले तर बुरशी येते. वाळल्यावर त्यात शिळ्या पावाचे काप पसरून भाजावेत आणि टाकून द्यावेत; उरलासुरला वास ते ओढून घेतात. एवढे करूनही वास राहिला, तर हे सगळे पुन्हा एकदा करावे.

यापुढे पॅन पूर्ण निवल्यावर चिकटलेले कण लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढावेत आणि नारळाच्या काथ्याने गरम पाण्यात घासावे. तारेची घासणी मात्र कायमची बाजूला ठेवावी, कारण ती मेहनतीने जमलेला थर ओरबाडते आणि तिचे तुटलेले बारीक तुकडे छिद्रांत अडकून गंजाचे ठिपके पडतात. साबणाशिवाय भांडे स्वच्छ कसे होईल, ही शंका स्वाभाविक आहे. अन्नाचा कण उरू न देणे आणि भांडे खडखडीत वाळवणे, या दोन गोष्टी पाळल्या तर काळजीचे कारण नाही. शिवाय पुढच्या वेळी ते 180 अंशांच्या आसपास तापणारच असते. मासे किंवा लसणाचे पदार्थ करायचे असल्यास मात्र दुसरे भांडे ठेवावे. बिनझिलईची माती वास सहजी सोडत नाही.

प्रश्न : माझ्या झिलई दिलेल्या बेकिंग डिशच्या कानांपाशी तपकिरी डाग करपून बसले आहेत आणि तळाला करड्या रेघा उमटल्या आहेत. या चिरा आहेत का? (वाचक, ठाणे)

उत्तर : झिलई काचेच्या जातीची असल्यामुळे ती साबण शोषत नाही, आपण नेहमीचा साबण आणि मऊ घासणी निर्धास्त वापरू शकता. करपलेल्या डागांवर वर सांगितलेला सोड्याचा लेप लावून पाहावा. करड्या रेघा बहुधा चिरा नसून सुरीने किंवा चमच्याने झिलईवर सोडलेल्या धातूच्या खुणा असतात, आणि त्याही सोड्याने हलक्या हाताने चोळल्यास फिक्या होतात. न गेल्यास ऑक्झॅलिक ॲसिड असलेली भांडी घासायची पूड थोडा वेळ लावावी; मात्र ते पोटात जाणे घातक असल्याने हातमोजे घालावेत आणि भांडे अनेक पाण्यांनी धुवावे.

झिलईत जाळीसारख्या बारीक रेषा दिसत असतील, तर गोष्ट निराळी आहे. झिलई आणि खालची माती यांचे आकुंचन-प्रसरण जुळले नाही की झिलई तडकते. त्या रेषांतून रस्सा आत जातो आणि तो धुऊन निघत नाही. असे भांडे ओल्या पदार्थांसाठी वापरू नये.

प्रश्न : फ्रीजमध्ये रात्रभर ठेवलेली भाजीची डिश तापलेल्या ओटीजीमध्ये ठेवताच तिला तडा गेला. ती चिकटवता येईल का? (वाचक, नाशिक)

उत्तर : चिकटवून ती पुन्हा ओव्हनमध्ये वापरता येणार नाही, घरगुती डिंक ती उष्णता सोसत नाहीत आणि अन्नालाही योग्य नसतात. स्टोनवेअर घासल्याने क्वचितच खराब होते. ते फुटते ते तापमानाच्या झटक्याने, आणि म्हणून याविषयी जरा सविस्तर लिहितो.

माती उष्णता सावकाश वाहून नेते. बाहेरचा भाग तापून प्रसरण पावू लागतो तेव्हा आतला भाग अजून थंडच असतो, आणि ही ओढाताण मातीला सोसत नाही. काही स्टोनवेअरमध्ये क्रिस्टोबलाइट नावाचे सिलिकाचे रूप असते. सुमारे 220 अंशांच्या आसपास त्याचे आकारमान अचानक बदलते, आणि हे तापमान घरगुती ओव्हनच्या टप्प्यातले आहे. ओटीजीमध्ये धोका आणखी वाढतो, कारण लालबुंद झालेली कॉइल भांड्याच्या तळापासून फार जवळ असते. जाळी मधल्या खाचेत लावावी आणि भांड्याच्या चारही बाजूंनी हवा खेळेल एवढी जागा सोडावी. फ्रीजमधली डिश आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. त्याहून सुरक्षित म्हणजे भांडे थंड ओव्हनमध्येच ठेवून मग ओव्हन सुरू करावा आणि भाजण्याची वेळ आठ-दहा मिनिटांनी वाढवावी. बाहेर काढलेले भांडे ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा ओल्या फडक्यावर न ठेवता जाड कोरड्या कापडावर वा लाकडी पाटावर ठेवावे, आणि गरम असताना त्यात पाणी ओतू नये. गॅसच्या ज्योतीवर तर ते कधीच ठेवू नये.

जुने भांडे शाबूत आहे की नाही हे पाहायचे असेल, तर ते तळहातावर तोलून कडेला टिचकी मारावी. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला, तर न दिसणारी चीर आत आहे असे समजावे.

प्रश्न : आजीच्या काळातली लोणच्याची चिनी मातीची बरणी ओव्हनमध्ये वापरता येईल का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नाही. यांपैकी अनेक बरण्या स्टोनवेअरच्याच असतात, परंतु त्या साठवणीसाठी घडवलेल्या असतात. त्यांचा तळ जाड, गळा अरुंद आणि भिंतींची जाडी ठिकठिकाणी वेगळी असल्यामुळे ओव्हनमध्ये त्या सारख्या तापत नाहीत आणि तडकतात. तिच्यात लोणचेच घालावे.