वाचकांचे प्रश्न : इव्हेंट कॅमेऱ्यातील क्षीण सिग्नल आणि ॲम्प्लिफायर

प्रश्न : इव्हेंट कॅमेऱ्याचा, म्हणजे पूर्ण चित्रांऐवजी प्रत्येक पिक्सेलवरील प्रकाशाचे बदल तेवढेच ‘घटना’ म्हणून कळवणाऱ्या कॅमेऱ्याचा, पिक्सेल प्रकाशात साधारण दहा-पंधरा टक्के बदल झाल्यावरच घटना नोंदवतो, असे वाचले. पिक्सेलमधील ॲम्प्लिफायरचा गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते प्रमाण) वीसऐवजी दोनशे केला, तर एक टक्क्याचा बदलही टिपता येणार नाही का?
— इलेक्ट्रॉनिक्सची एक विद्यार्थिनी

उत्तर : आपण सुचवलेली दिशा चुकीची नाही, मात्र गेन कोणत्या टप्प्यावर वाढवायचा यावर पुष्कळ अवलंबून असते. फोटोडायोडमध्ये (पिक्सेलच्या प्रकाशसंवेदी भागात) प्रकाशामुळे निर्माण होणारा प्रवाह पहिल्या टप्प्यात लॉगरिदमिक व्होल्टेजमध्ये बदलतो, म्हणजे प्रकाश जितक्या पटीने बदलेल त्यानुसार व्होल्टेज ठरावीक मिलिव्होल्टांनी सरकते. मागच्या घटनेपासून त्या व्होल्टेजमध्ये जो फरक पडला, तेवढाच दुसऱ्या टप्प्यात दोन कपॅसिटरांच्या गुणोत्तराच्या पटीत वाढवला जातो. आणि तो वाढलेला फरक ठरावीक थ्रेशोल्डच्या (उंबरठ्याच्या) वर किंवा खाली गेला का, हे शेवटी दोन कम्पॅरेटर (तुलना करणारी सर्किटे) पाहतात. लिख्टश्टायनर, पॉश आणि डेलब्रुक यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या १२८ × १२८ पिक्सेलांच्या सेन्सरमध्ये हे गुणोत्तर २० होते.

लॉगरिदमिक टप्प्याचे उत्पन्न फार तुटपुंजे असते. खोलीच्या तापमानाला प्रकाश सुमारे २.७ पट झाला, तरी तेथील व्होल्टेज जेमतेम ३५ मिलिव्होल्टने बदलते. म्हणजे दहा टक्के बदलाचे तीन-साडेतीन मिलिव्होल्ट आणि एक टक्क्याचे मिलिव्होल्टच्या तिसऱ्या हिश्शाएवढे. एकसारखे म्हणून आखलेले दोन कम्पॅरेटरही प्रत्यक्षात तंतोतंत जुळत नाहीत, आणि पिक्सेलमधल्या चिमुकल्या ट्रान्झिस्टरांच्या बाबतीत ही तफावत सहज काही मिलिव्होल्टांची असते. वीसपट गेनमुळे दहा टक्क्यांचा बदल सत्तर मिलिव्होल्टांच्या आसपास जातो व तफावतीच्या बराच वर राहतो. एक टक्क्याचा बदल मात्र सात मिलिव्होल्टांवर येऊन त्याच तफावतीत हरवतो.

मग गुणोत्तरच २०० का करू नये? कारण लहान कपॅसिटर आधीच काही फेम्टोफॅरडचा असतो. तो आणखी लहान केला, तर आजूबाजूच्या तारांची परजीवी (नको असलेली) धारिताच त्याच्यावर मात करते आणि प्रत्येक घटनेनंतर फरक पुन्हा शून्यावर आणणारा रीसेट स्विच बंद होताना सांडणारा विद्युतभार मोठी चूक घडवतो. मोठा कपॅसिटर वाढवला, तर फोटोडायोडसाठी जागा उरत नाही. म्हणून काही रचनांमध्ये फरक काढण्यापूर्वीच एक पूर्व-ॲम्प्लिफायर बसवला जातो. सेव्हिलमधील सेरानो-गोतारेदोना आणि लिनारेस-बारांको यांनी २०१३ साली याच मार्गाने १.५ टक्के संवेदनशीलता दाखवली. या सोयीचीही किंमत मोजावी लागते. दुसरा टप्पा केवळ बदल वाढवतो, पण पूर्व-ॲम्प्लिफायर प्रकाशाची संपूर्ण पातळीच वाढवतो. दहा लाख पटींच्या प्रकाश-पल्ल्यासाठी लॉगरिदमिक व्होल्टेज सुमारे अर्धा व्होल्ट फिरते. त्याला दहाने गुणले तर पाच व्होल्ट लागतील, आणि एवढा पुरवठा आजच्या चिपमध्ये नसतो. त्यामुळे दृश्याच्या सरासरी प्रकाशानुसार सर्व पिक्सेलांची कार्यपातळी सरकवत राहावी लागते, आणि एकाच दृश्यातील लख्ख ऊन व गडद सावली एकत्र पेलण्याची क्षमता घटते. माझ्या मते ज्या कामात प्रकाश आपल्या ताब्यात आहे, तिथेच हा सौदा परवडतो.

एक मर्यादा मात्र कोणत्याही सर्किटने ओलांडता येत नाही. ज्या कालावधीत पिक्सेल निर्णय घेतो, त्या कालावधीत ४०० इलेक्ट्रॉन जमले तर त्यांच्या संख्येत स्वभावतःच तिच्या वर्गमुळाएवढी, म्हणजे २० ची किंवा पाच टक्क्यांची चढउतार असते. एक टक्क्याचा बदल वेगळा दिसण्यासाठी किमान दहा हजारांहून बरेच अधिक इलेक्ट्रॉन हवेत. ॲम्प्लिफायर या चढउतारालाही सिग्नलइतकेच वाढवतो. पुढच्या टप्प्यांच्या दोषांपासून सिग्नलला वाचवणे एवढेच त्याचे काम आहे. फोटोडायोडपाशी जे आलेच नाही, ते तो आणू शकत नाही. म्हणून अंधूक प्रकाशात सर्किटला हात लावण्यापूर्वी भिंगाचे छिद्र मोठे करावे, आणि नवी चिप आखत असल्यास मोठा फोटोडायोड किंवा सूक्ष्मभिंगे यांचा विचार आधी करावा.

प्रश्न : थ्रेशोल्ड खाली आणताच स्थिर दृश्यातही घटनांचा पाऊस पडतो. हा नॉइज (सिग्नलमधील यादृच्छिक चढउतार) आहे की सर्किटचा दोष?
— प्रयोगशाळेतील एक अभियंता

उत्तर : दोन्ही शक्य आहेत, आणि घटनांची चिन्हे व वेळा पाहून फरक ओळखता येतो. वाढ आणि घट अशा दोन्ही चिन्हांच्या घटना अनियमित अंतराने येत असतील व अंधारात त्या वाढत असतील, तर तो प्रकाश-नॉइज, म्हणजे वर सांगितलेली इलेक्ट्रॉनांच्या संख्येतील चढउतार आहे. प्रवाह कमी झाला की लॉगरिदमिक टप्पा मंदावतो, नॉइज कमी वारंवारतांमध्ये गोळा होतो, आणि पुढच्या टप्प्यांना तो गाळता येत नाही. एकच पिक्सेल जवळजवळ ठरावीक अंतराने फक्त वाढीच्या घटना देत असेल, तर रीसेट स्विचमधील गळती कपॅसिटरवरचे व्होल्टेज हळूहळू सरकवत आहे, असे समजावे. ही गळती तापमानाबरोबर झपाट्याने वाढते, आणि प्रखर प्रकाशही स्विचच्या जंक्शनवर पडून तिच्यात भर घालतो. थ्रेशोल्ड निम्मा केला की तेवढ्याच गळतीतून दुप्पट घटना निघतात. तेव्हा आधी चिप थंड ठेवून मोजमाप करावे.

प्रश्न : मग थ्रेशोल्ड खालीच ठेवून नॉइज सॉफ्टवेअरने गाळला तर?

उत्तर : पुष्कळदा तेच व्यवहार्य असते. शेजारच्या पिक्सेलमध्ये काही मिलिसेकंदांत घटना घडली असेल तरच ही घटना ठेवायची, असा साधा नियम बराच नॉइज काढून टाकतो, कारण सरकणारी कड अनेक शेजारी पिक्सेलांना जागे करते. पण एकाच पिक्सेलवर पडणारा ताऱ्यासारखा प्रकाशबिंदू शोधायचा असल्यास हाच नियम नेमका हवा असलेला सिग्नलही फेकून देईल. तेव्हा शेजाऱ्यांऐवजी त्याच पिक्सेलच्या घटना अधिक काळ मोजून निर्णय घ्यावा लागतो, आणि त्याबरोबर या कॅमेऱ्याची चपळाई थोडी सोडावी लागते.